मामाची डावी मांडी

मुलांनो, एक रिकामं पोतं डोळ्यांसमोर आणा. गव्हाचं, बाजरीचं, कसलंही चालेल. आता अशी कल्पना करा, की हे पोतं चार-पाच तुकडे जोडून शिवलंय आणि शिवणी मुद्दाम सैल ठेवल्यात. वरून धान्य पडत राहतं, शिवणी जरा जरा सरकतात आणि पोतं सगळ्या अंगांनी सारखं भरत जातं. पण समजा, मधली शिवण कुणीतरी आधीच आवळून टाकली. धान्य पडायचं तर थांबत नाही. मग ते जाईल कुठं? आडवी जागा नाही म्हणून पुढं जाईल, मागं जाईल. पोतं होडीसारखं लांबोडकं होईल.

तान्ह्या बाळाची कवटी अशीच तुकड्यांची असते. आत मेंदू वाढत असतो, त्याला जागा हवी म्हणून सांधे सैल असतात. आपल्या गोष्टीतल्या पार्थचा मधला सांधा आईच्या पोटातच मिटला होता. यात कुणाचीच चूक नव्हती. कणसात एखादा दाणा अंग चोरून राहतो, त्याची चूक आपण कुणाच्या माथी मारतो का?

तुम्हाला हे दोन मिनिटांत कळलं. कोपरगावजवळच्या त्या घरात कळायला पार्थ रांगायला लागावा लागला. तोवर जे बोलायचं ते बोलून झालं होतं.

कारण त्या घरात बनुबाई होती. पार्थची आजी. घरातली सगळीच तिला बाई म्हणायची. तिच्या हाताला आसपासच्या गावांत नाव होतं. तिच्या हातचं तेल लागलेलं पोर गोल डोक्याचंच निघतं, असं लोक म्हणत. खरं म्हणजे बहुतेक पोरं गोल डोक्याचीच निघतात. पण हे बाईला कोण सांगणार? पार्थची आई रेश्मा बाळंतपणाला पाथर्डीला माहेरी गेली आणि पार्थला घेऊन परत आली, तेव्हा नेमकं बाईचं मनगट मुरगळलेलं. म्हणून पहिले काही दिवस पोराला न्हाऊमाखू घातलं ते वैजंताकाकूनं, म्हणजे रेश्माच्या थोरल्या जावेनं. पुढं डोकं लांबत चाललं. बाईचा हात बरा झाला, तिनं रोज सकाळी तेल लावून दाब दाब दाबलं. डोकं काही ऐकेना. तेव्हा एक दिवस पिठाच्या गिरणीत, चार बायकांत, बाई बोलून गेली, "हात बदलला आन् डोकं बिघडलं."

काकूचं नाव तिनं घेतलं नाही. घ्यायला हवं असं काही नव्हतंच.

मग पुण्याच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की हे कुणाच्या हातानं बिघडलेलं नाही आणि कुणाच्या हातानं दाबून सुधारणारही नाही. कवटी उघडून, हाड कापून, पुन्हा नीट बसवावं लागेल. बाईनं ते ऐकलं, घरी येऊन तेलाची वाटी फळीवर उपडी घातली आणि त्यानंतर कुणाच्याच पोराच्या डोक्याला हात लावला नाही. गिरणीत जाऊन आपलं बोलणं मात्र तिनं मागं घेतलं नाही. उलट ऑपरेशननंतर पार्थला सांभाळायला म्हणून धाकट्या मुलाकडं, म्हणजे पार्थचा बाप रविराज याच्याकडं, नागापूरला त्याच्या भाड्याच्या खोल्यांत जाऊन राहिली. काकू, तिचा करण आणि गोठा गावातच राहिले.

त्याला आता दोन वर्षं होत आली. पार्थ तिसऱ्या वर्षात होता. ऑपरेशनच्या वेळी रेश्मानं हात जोडले म्हणून दवाखान्यातल्या लोकांनी त्याचे सगळे केस काढले नव्हते, चिरेपुरती केसांची पट्टी तेवढी काढली होती. त्यामुळं जावळ राहिलं होतं. साखर कारखान्याचा पट्टा पडला, उसाचा हंगाम संपला, घराघरांत माणसं मोकळी झाली, आणि चैत्रातल्या एका रविवारी गावच्या भैरोबाच्या देवळापुढं, नवसाप्रमाणं, ते काढायचं ठरलं. आपलं आजचं सगळं त्या एका दिवसाचं आहे.

आता संस्कृतीकडं या. ती पार्थची थोरली बहीण, पाचवीत शिकणारी. तिच्या वरच्या ओठावर एक वण आहे, नाकापासून ओठाच्या कडेपर्यंत. जन्मली तेव्हा तिचा ओठ तिथं दुभंगलेला होता. काही महिन्यांची असताना तो एका शिबिरात शिवला. नंतर ती दूध नीट प्यायला लागली, बोलायला लागली आणि आता तर तिच्यापुढं कुणाचं चालत नाही. फक्त कुणी फोटोसाठी मोबाईल वर केला, की तिचा हात आपोआप तोंडाशी जातो.

पार्थचं ऑपरेशन झालं तेव्हा संस्कृतीला दवाखान्यात नेलं होतं. पार्थचं डोकं पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेलं, डोळे सुजून पार मिटलेले. सगळं घर त्याच्याभोवती. तुम्ही म्हणाल, अशा पोराचा कुणी हेवा करतं का? ती करत होती. आई कुणाच्या उशाशी बसलीय, एवढंच ती बघत होती.

टाके बघायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी रेश्माला समजावून सांगितलं होतं. चीर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत होती, पण सरळ नव्हती, नागमोडी होती. ती मुद्दाम तशी घेतलेली. सरळ रेघ केसांतून भांगासारखी उठून दिसते, नागमोडी रेघ केसांत हरवून जाते. केस वाढले की कुणाला पत्ताही लागणार नाही, असं त्या म्हणाल्या. रेश्माच्या चेहऱ्यावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

"मग माझा का नाही लपवला?" संस्कृतीनं मधेच विचारलं होतं.

डॉक्टरीणबाई खाली वाकल्या. तिची हनुवटी उचलून त्यांनी ओठ नीट निरखला. "तुझाही नागमोडीच घेतलाय, बाळा. कुणीतरी फार चांगलं काम केलंय. पण ओठावर लपायला केस नसतात ना."

उत्तर खरं होतं. घरी येऊन संस्कृतीनं आरशात पाहिलं तर खरंच वणाला एक बारीकसं वळण होतं. पण खरं उत्तर मिळालं म्हणून मन निवतंच असं नाही. त्याचं झाकलेलं, माझं उघडं. हा काटा तिच्या मनात रुतला तो रुतलाच.

आणि मामाचं तर वेगळंच. कानिफनाथमामा पाथर्डीहून जीप चालवायचा. संस्कृती लहान होती तेव्हा जीप उभी असली की तो तिला मांडीवर बसवून स्टेअरिंग धरू द्यायचा. म्हणायचा, "उजवी मांडी कामाची, डावी तुझी." पार्थ आला आणि डावीही गेली. आज सकाळी मामा जीपमधून उतरला तो पार्थसाठी नवे कपडे, चांदीचा करदोडा आणि खेळण्यातला ट्रॅक्टर घेऊन. संस्कृतीला त्यानं कंपासपेटी दिली. "तू आता मोठी झालीस बग," तो कौतुकानं म्हणाला. कंपासपेटी चांगली होती. तिनं ती पिशवीत टाकली आणि पुन्हा उघडून पाहिली नाही.

वर आईनं आणखी एक काम दिलं. रेश्मानं लाल मखमलीची टोपी शिवली होती, जरीची कड लावून. संस्कृतीला बाजूला घेऊन तिनं हळूच सांगितलं, की पार्थचे सगळे केस काढायचे नाहीत. पाच बटा फक्त, कात्रीनं, देवाच्या नावाला. मामाशी आणि रामहरी न्हाव्याशी बोलणं झालंय. पाचवी बट पडली की तू पटकन टोपी चढवायची. गावाला ऑपरेशनचं माहीत होतं. पण ते केवढं होतं आणि डोक्याला काय झालंय ते कुणी पाहिलं नव्हतं, आणि पाहायला नको होतं.

"तू मोठी ना," आई म्हणाली. "टोपी तुझ्याकडं."

म्हणजे त्याचं झाकायचं कामसुद्धा तिच्याकडंच.

घरामागं चुलीवर काकू बाजरीच्या भाकरी थापत होती. संस्कृती तिच्याजवळ जाऊन बसली. खरं तर काकूशी फार बोलायचं नाही असा घरातला न बोललेला दंडक होता. पण त्या दिवशी तिला आईजवळ बसायचं नव्हतं.

काकूनं तिच्या तोंडाकडं पाहिलं, काठवटीत पीठ ओढलं आणि काहीच विचारलं नाही. उलट आपलंच सांगत बसली. करण अजून आजीची वाकळ पांघरून झोपतो. बाई गेल्यापासून गोठ्यातली तांबडी गाय दुसऱ्या कुणाला धारेला उभी राहत नाही. बाईला तिकडं करमतं म्हणे. करमेना का, तिथं नातू आहे. करण काय नातू नाही?

मग भाकरी तव्यावर टाकता टाकता ती म्हणाली, "तुजं जावळ कुटं झाल्तं, ठावं हाय का तुला?"

"न्हाई."

"कसं ठावं असंल. झालंच न्हाई."

संस्कृतीला वाटलं काकू थट्टा करते. पण काकूचं लक्ष भाकरीवर होतं.

"तुजा ओठ तवा उघडा हुता. बाई म्हन्ली, चार मान्सांत न्यायची कशाला. ओठ शिवू दे, मग बगू. ओठ शिवला, आन् मग राहूनच गेलं. पुढं उवा झाल्या तवा तुज्या आईनं शिवनाच्या कात्रीनं कापले. मीच धरलं हुतं तुला."

"मामा नव्हता?"

"मामाला कोन बोलवतंय त्याला?"

चुलीतलं लाकूड काकूनं आत सारलं. संस्कृतीला धूर लागला असावा, ती डोळे चोळत होती. आणि मग, कुणी विचारलेलं नसताना, तिनं काकूला सगळं सांगून टाकलं. पाच बटा, कात्री, टोपी.

काकूचा हात थापता थापता थांबला.

"कोन म्हन्लं?"

"आई आणि मामा. रामहरीकाकांना पण माहितीये."

"आन् बाईला?"

"बाईला पण."

काकूनं भाकरी पुन्हा फिरवायला घेतली. "बरं," एवढंच ती म्हणाली. पण ती भाकरी एका कडेला फाटली.

भैरोबाच्या देवळापुढं लिंबाखाली घोंगडी अंथरली होती. मामा मांडी घालून बसला. त्याच्या उजव्या मांडीवर पार्थ, नव्या कपड्यांत, खांद्यापर्यंत आलेले मऊ केस रबरानं बांधलेले. घरात आत्या नव्हती म्हणून केस झेलायला बाईनंच पुढं बसून पदर पसरला होता. पलीकडं मटणाचं पातेलं रटरटत होतं आणि रविराज, पार्थचा बाप, गरज नसताना ते पुन्हा पुन्हा ढवळत होता. संस्कृती मामाच्या अगदी जवळ बसली. टोपी तिच्या हातात होती.

रामहरीनं पाण्याची वाटी मांडली आणि पेटीतून कात्री काढली.

"रामहरीभाऊ, वस्तरा कुटंय?" मागून काकूचा आवाज आला. हातातलं पीठही तिनं धुतलं नव्हतं.

रामहरीनं मामाकडं पाहिलं. "कात्रीनं भागंल म्हन्ले."

"कोन म्हन्लं?"

"मी म्हणाले, ताई," रेश्मा म्हणाली. "त्याला डोक्याला गार बाधतं."

"चैताच्या उन्हात?" बजरंगआप्पा बोलले. भावकीतले सगळ्यात वयस्कर, आणि खरोखरच शंका आली म्हणून विचारणारे. दोघं-तिघं तोंड फिरवून हसले.

काकू पुढं आली. तिनं विचारलं, की देवाला नवस बोलताना पाच बटा बोलली होतीस का. रेश्मा म्हणाली, की देवाला केस कमी-जास्त कळत नाहीत. काकू म्हणाली, देवाला कळत नसतील, माणसांना कळतात. रेश्मानं नवऱ्याकडं पाहिलं. रविराजनं पळी पातेल्याच्या काठावर ठेवली आणि बाई म्हणेल तसं करू, असं पातेल्यालाच सांगितलं.

बाई पदर पसरून बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "तिचं पोर हाय. तिच्या मनाला यील तसं करू द्या."

"बाई," काकू म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "रेश्माचं मला समजतंय. तुमाला का झाकायचंय?"

लिंबाखाली गिरणीतल्या त्याच बायका उभ्या होत्या. डोकं उघडं पडलं, की ते कुणाच्या हातानं बिघडलं नव्हतं हे त्यांनाही कळणार होतं. बाईनं पदर तेवढा सारखा केला.

"लावा कात्री, भाऊ," रेश्मा घाईनं म्हणाली.

पहिली बट कपाळावरची. दुसरी कानामागची. पार्थला कात्रीचा आवाज आवडला नसावा, तिसऱ्या वेळी त्यानं मान झटकली आणि माथ्यावरचा चांगला मूठभर झुपका कात्रीत आला. रामहरीचा हात जागीच थांबला. केस पदरात पडले आणि माथ्यावर पांढरी रेघ उघडी पडली. एका बाजूला वळून दुसऱ्या बाजूला वळणारी, जिथं केसच उगवत नाहीत अशी.

"टोपी," रेश्मा म्हणाली.

संस्कृतीच्या हातात टोपी नव्हती.

"संस्कृती, टोपी दे."

"दिसत न्हाई," संस्कृती म्हणाली. काकू बोलायला लागली तेव्हाच तिनं टोपी घोंगडीवर ठेवली होती आणि ती त्यावर बसली होती. तिचे कान गरम झाले होते. पण ती उठली नाही.

रेश्मानं घोंगडीवर, मामाच्या मागं, बाईच्या पाटाशी शोधलं. तोवर करण पोरांच्या घोळक्यातून पुढं सरकला होता. "आरं, ह्याच्या डोक्याला चेन हाय," तो म्हणाला. दप्तराला असते तशी, असंही त्यानं बोट फिरवून दाखवलं. पोरं फिस्सकन हसली. पार्थलाही ते फार आवडलं. "चेन," तो म्हणाला आणि आपल्या डोक्यावर ती शोधायला लागला.

काकूनं करणच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला जोराचा.

मामा बहिणीकडं बघत होता. "रेश्मे," तो हळूच म्हणाला, "आता अर्धं ठेवून काय करायलीस? दिसलं ते दिसलं."

रेश्मानं एकदा जमलेल्या माणसांकडं पाहिलं आणि मग संस्कृतीकडं, जरा जास्त वेळ. मग ती खाली बसली. "काढा सगळं," ती म्हणाली.

रामहरीनं वस्तरा पाजळला, पण तो डोक्याला टेकवेना. माझा हात चालत नाही म्हणाला. तेव्हा रेश्मानं आपलं बोट चिरेच्या सुरुवातीला, कानाच्या वर ठेवलं. ती बोट पुढं नेत गेली आणि वस्तरा त्या बोटाच्या मागून येत गेला. असं वळण घेत घेत दोघं दुसऱ्या कानापर्यंत पोचले. पार्थ डोळे मिटून मामाचं बटण चोखत होता.

सगळं डोकं उघडं झालं. आता संस्कृती वाट बघत होती. कशाची, ते तिला नीट सांगता आलं नसतं. लोक बघतील, बघून नजर फिरवतील, तिच्याकडं बघून फिरवतात तशी. मग तो आणि ती सारखे होतील.

तसं काही झालं नाही.

बजरंगआप्पा काठी टेकत पुढं आले आणि पार्थच्या डोक्यावर ओणवे झाले. "कानापासनं कानापर्यंत? आन् आतलं हाड?"

"काढलं, कापलं आणि पुन्हा बसवलं," रेश्मा म्हणाली. आधी अडखळत, जेवढ्यास तेवढं. मग कुणीतरी विचारलं रक्त किती गेलं, कुणी विचारलं डोळे कधी उघडले, आणि दोन वर्षं दडवून ठेवलेलं सगळं रेश्माच्या तोंडून बाहेर यायला लागलं. पोत्याची शिवण, आवळलेला सांधा, पुढं-मागं सरकलेलं धान्य. ती हातांनी पोतं करून दाखवत होती. माणसं पुढं सरकत होती. डॉक्टर म्हणजे विश्वकर्माच, असं कुणी म्हणालं. बाया पार्थच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडत होत्या. मोबाईल वर झाले.

म्हणजे झाकलेलं होतं तेव्हाही त्याचंच कौतुक, उघडं पडलं तेव्हाही त्याचंच. संस्कृती टोपीवर आणखी दाबून बसली.

तेवढ्यात बाई बोलली.

"वैजंते."

माणसं तिच्याकडं वळली, कारण बाईनं थोरल्या सुनेला नावानं हाक मारलेली बऱ्याच दिवसांत कुणी ऐकली नव्हती. पार्थचे केस पदरात बांधून बाईनं गाठ मारली होती. शेजारची हळद-तेलाची वाटी तिनं काकूच्या दिशेनं सरकवली.

"त्याला तेल तू लाव."

"मी?"

"व्हय. तुजा हात हलका हाय."

काकूनं पिठाचे हात पदराला पुसले. पुन्हा पुसले. मग ती पार्थपुढं बसली आणि तिनं दोन्ही तळव्यांनी त्याच्या डोक्याला तेल लावलं, पुढून मागं, त्या वळणावळणाच्या रेघेवरून. गिरणीतल्या बायका बघत होत्या. काकू त्यांच्याकडं बघत नव्हती. करण मात्र धपाट्याची जागा चोळत आईकडं बघत होता, जणू तिला पहिल्यांदा पाहतोय.

काकूला तिचं मिळालं होतं. पार्थला तर काय, सगळंच. आईसुद्धा हलकी झाल्यासारखी दिसत होती. संस्कृती उठली. तिच्याखालची लाल टोपी चुरगळून चपटी झाली होती, जरीवर घोंगडीची काळी लोकर चिकटलेली. रेश्मानं ती पाहिली.

"तिच्यावर बसली होतीस?"

"व्हय."

"का गं?"

संस्कृती रडली नाही. मामा ऐकतोय, बाई ऐकतेय, सगळे ऐकतायत, हे तिला कळत होतं. "माझं जावळ कधी केलं?" तिनं विचारलं.

रेश्मानं बाईकडं पाहिलं. बाई पदराची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागली. काकूचे हात पार्थच्या डोक्यावर थांबले. रविराज पातेल्यापासून निघून जवळ येऊन उभा राहिला होता, हातात पळी तशीच, आणि त्याच्या पळीतून रस्सा त्याच्याच पायावर गळत होता. मामाचा चेहरा सगळ्यात वाईट झाला. आपल्याला कधी बोलावलंच नव्हतं हे त्याला ठाऊक होतं. पण आपण कधी विचारलंही नाही, हे त्याला आत्ता आठवत असावं.

मग, मुलांनो, संस्कृतीनं काय केलं ते ऐका.

ती काकूला वळसा घालून गेली आणि मामाच्या डाव्या मांडीवर बसली. तिचं वजन आता काही लहान नव्हतं. मामाच्या तोंडून हुंकार निघाला, पण तो सरकला नाही. त्यानं हात तिच्या पाठीमागं धरला. पार्थनं तेलकट डोकं वळवून तिच्याकडं पाहिलं आणि "चेन" असं तिला समजावून सांगितलं.

"थांब की जरा," संस्कृती त्याला म्हणाली. "आता माझी पाळी."

तिनं वेणीची रिबन ओढून सोडली. "रामहरीकाका, पाच बटा," ती म्हणाली. "कात्रीनं."

रामहरीनं मामाकडं पाहिलं नाही, कुणाकडंच पाहिलं नाही, सरळ कात्री उचलली. पण बाईचा पदर पार्थच्या केसांनी भरलेला होता आणि पहिले केस भुईवर पडू द्यायचे नसतात, हे संस्कृतीला माहीत होतं. तिनं ती चुरगळलेली लाल टोपी उलटी केली आणि केसांखाली धरली. टोपी धरायला दोन्ही हात लागत होते, आणि मोबाईल अजून वरच होते. तिनं हात हलवले नाहीत.